नऊ होल, एक स्टेंट

अँजिओप्लास्टी होऊन घरी निघालेल्या रुग्णाच्या हातात एक कागद असतो. त्यावर गोळ्यांची नावे, पुढच्या तपासणीची तारीख आणि मीठ-तेलाच्या सूचना असतात. पण चार-सहा आठवड्यांनी तोच रुग्ण ओपीडीत येतो तेव्हा त्याचे प्रश्न वेगळेच असतात. जिना चढू का? नातवाला उचलून घेऊ का? शिमग्याला गावी जाऊन पालखीला खांदा देऊ का? प्रश्न कोणताही असो, त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो : माझे आधीचे आयुष्य मला परत मिळणार आहे की नाही?

त्या ओळीत एकदा एक अनपेक्षित प्रश्न आला. “डॉक्टर, मी गोल्फ खेळू का?”

विचारणारे गृहस्थ लालबागचे. वडील गिरणीत साचेवाले, स्वतः राष्ट्रीयीकृत बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त, वय ६२, मधुमेह बारा वर्षांचा. बँकेने उत्तरेत बदली केली तेव्हा तिथल्या छावणीच्या मैदानावर एका ग्राहकाने त्यांच्या हातात काठी दिली आणि तो नाद लागला तो लागलाच. चाळीत त्यांना सगळे अण्णा म्हणतात, आपणही तेच म्हणू. सहा महिन्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता आणि एका रोहिणीत स्टेंट बसला होता.

गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा वेळ घालवण्याचा उद्योग, त्यात कसला आलाय व्यायाम, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. अण्णांच्या पत्नीलाही तसेच वाटत होते. “काठी फिरवायची नि गाडीत बसायचं, त्याला कशाला परवानगी लागते?” त्या म्हणाल्या. पण अण्णा गाडीत बसून खेळत नाहीत. ते चालतात. आणि जिथे खेळतात ते मैदान सपाट नाही.

लगेजच्या डब्यातून

मुंबईला गोल्फ नवा नाही. १८४२ मध्येच इथे गोल्फ क्लब निघाला होता. किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात, म्हणजे आजच्या आझाद मैदान, ओव्हलच्या परिसरात साहेब लोक खेळत. आज शहरात कुलाब्याला सेनादलांच्या क्लबचे, ताडदेवला विलिंग्डन क्लबचे आणि चेंबूरला १९२७ पासूनच्या प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान आहे. ही सगळी सभासदांची मैदाने. शिवाजी पार्कवर जसा कोणीही बॅट घेऊन जातो, तसे काठी घेऊन जाण्याजोगे महापालिकेचे गोल्फ मैदान गिरगावात नाही, दादरमध्ये नाही, परळ-लालबागमध्ये तर नाहीच.

म्हणून अण्णा खारघरला जातात. तिथे डोंगराच्या पायथ्याशी, पांडवकडा धबधब्याच्या परिसरात सिडकोने सार्वजनिक गोल्फ मैदान उभारले आहे. शुल्क भरायचे आणि खेळायचे. लालबागहून पहाटे चालत कॉटन ग्रीन स्टेशन, तिथून पनवेल लोकल, काठ्यांची पिशवी लगेजच्या डब्यात मासळीच्या पाट्यांशेजारी, साधारण तासाभराने खारघर आणि पुढे रिक्षा. खेळ सुरू होण्याआधीच एवढा खटाटोप. मैदान खोऱ्यातले, त्यामुळे चढ आहेत, उतार आहेत, पायाखाली कुठे खडक तर कुठे ओल.

कठीण सार्वजनिक मैदान ही जगात नवलाईची गोष्ट नाही. न्यू यॉर्क राज्याच्या उद्यानात बेथपेज ब्लॅक नावाचे मैदान आहे. ते इतके अवघड की सुरुवातीलाच फलक लावून कच्च्या खेळाडूंना सावध केले आहे आणि तिथे गाडी मिळत नाही, चालूनच खेळावे लागते. सॅन दिएगो शहराच्या मालकीच्या टोरी पाइन्स मैदानावर २००८ मध्ये टायगर वूड्सने पायाच्या नडगीच्या हाडाला बारीक तडे आणि गुडघ्यातील अस्थिबंध फाटलेला असताना अमेरिकन ओपन जिंकली. त्यानंतर त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि उरलेला हंगाम घरी गेला. हे उदाहरण कौतुकाचे आहे, अनुकरणाचे नाही. व्यावसायिक खेळाडूच्या पाठीशी डॉक्टरांचा ताफा असतो. हौशी खेळाडूच्या पाठीशी त्याची स्वतःची समज तेवढी असते.

मेटचे गणित

अण्णांना परवानगी द्यायची तर ती अंदाजाने देता येत नव्हती. यासाठी वैद्यकात एक सोपे माप आहे, त्याला ‘मेट’ म्हणतात. शांत बसलेले असताना शरीर जेवढा प्राणवायू वापरते तो एक मेट. संथ चालणे दोन-अडीच मेट, सपाटीवर झपझप चालणे चारच्या आसपास, सावकाश जिना चढणे चार, भरभर चढणे आठ-नऊ. काठ्या स्वतः वाहून किंवा ओढून चालत गोल्फ खेळणे साधारण साडेचार ते साडेपाच मेटचे काम आहे. चढावर त्याहून जास्त. गाडीत बसून खेळले तर साडेतीनपर्यंत उतरते. म्हणजे अण्णांच्या पत्नीचे म्हणणे निम्मे बरोबर होते.

अण्णांची ट्रेडमिल चाचणी केली. सरकत्या पट्ट्यावर दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढत जातो. ते साडेसात मिनिटे चालले, छातीत दुखले नाही, ईसीजीत अडथळ्याची खूण उमटली नाही. ही क्षमता सुमारे आठ मेटची. माणूस आपल्या कमाल क्षमतेच्या निम्म्या किंवा त्याहून थोड्या जास्त भारावर बराच वेळ आरामात राहू शकतो. आठाचे निम्मे चार, थोडे ताणून पाच. म्हणजे गोल्फ त्यांच्या आवाक्यात होता, पण अगदी कडेकडेने.

मग आम्ही तह केला. अठराऐवजी नऊ होल. नियमाने चौदा काठ्या नेता येतात, त्यांनी सात न्यायच्या. एकटे जायचे नाही. जानेवारीतल्या सकाळी, ऊन चढायच्या आत. आणि पहिल्या दिवशी सोबत मी येणार. मी गोल्फ खेळत नाही. माझ्या पिशवीत बीपीचे यंत्र, ग्लुकोमीटर आणि जिभेखाली ठेवायच्या गोळ्या होत्या.

पहिले चार होल

गोल्फ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : प्रत्येक होलच्या सुरुवातीच्या जागेला टी म्हणतात. तिथून चेंडू मारत मारत काही शे मीटर दूर असलेल्या, तासून गुळगुळीत केलेल्या हिरवळीवर न्यायचा आणि तिथल्या छोट्या खळग्यात घालायचा. किती फटक्यांत हे व्हावे याचा आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. मध्ये वाढलेले गवत, वाळूचे खड्डे, पाणी. कमीत कमी फटके मारणारा जिंकतो.

पहिल्या टीवर अण्णा थेट काठी उपसायला निघाले, त्यांना थांबवले. आधी दहा मिनिटे चालणे, खांदे आणि कंबर सैल करणे, मग दोन-चार हलके झोके. हौशी गोल्फरांच्या दुखण्यांत कंबर सर्वांत वर आहे. पूर्ण ताकदीच्या फटक्यात कंबरेच्या मणक्यांवर क्षणभर शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट दाब येतो, असे मोजमाप झालेले आहे. थंड स्नायूंवर असा दाब दिला की दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताना कळ येते. कोपराच्या दुखण्याला तर ‘गोल्फर्स एल्बो’ असे नावच पडले आहे, जरी तो विकार आमच्याकडे गोल्फरांपेक्षा सुतार, रंगारी आणि कणीक तिंबणाऱ्या बायकांमध्ये कितीतरी जास्त दिसतो. हृदयाच्या रुग्णाला आणखी एक सूचना : फटका मारताना श्वास कोंडू नये, सोडावा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम उसळतो.

पहिले दोन होल नीट गेले. अण्णांचे दोन भिडू होते, दोघेही निवृत्त, दोघेही बडबडे. मी अण्णांच्या नाडीपेक्षा त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देत होतो, कारण ते ‘बीटा ब्लॉकर’ गटातील गोळी घेतात. ही गोळी नाडी मुद्दाम संथ ठेवते. अशा रुग्णाने मनगटावरच्या घड्याळातला आकडा पाहून आपण किती थकलो हे ठरवू नये, फसगत होते. त्याहून चांगली कसोटी फुकटची आहे. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येते का? येत असेल तर भार ठीक. गाणे म्हणता येत असेल तर थोडे वाढवा. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर थांबा.

चौथ्या होलवर ओढ्यासारखा सखल भाग आडवा आला. चेंडू पलीकडे थेट मारायचा, की अलीकडे थांबवून दोन छोट्या फटक्यांत जायचे? भिडूंनी थेट मारला. एकाचा गेला, एकाचा गवतात हरवला. अण्णांनी हातातली मोठी काठी पिशवीत ठेवली, छोटी काढली आणि अलीकडे थांबवला. “आता उसनवारी बंद,” ते म्हणाले. बँकेतला माणूस. मला त्या फटक्याचे तंत्र कळले नाही, पण निर्णय कळला. हृदयविकारानंतर सावरण्याच्या काळात निम्मे काम अशा निर्णयांचे असते.

पाचवा होल

पाचव्या होलला चढ होता. अर्ध्यावर गेल्यावर मला जाणवले की अण्णांचा आवाज येत नाही. वळून पाहिले तर ते काठीवर भार देऊन उभे होते. कपाळावर, मानेवर दरदरून घाम. जानेवारीतली सकाळ, अंगावर वारा, आणि सदरा पाठीला चिकटलेला. “काय होतंय?” विचारले तर म्हणाले, “काही नाही, जरा गळल्यासारखं वाटतंय.”

स्टेंट बसलेला, मधुमेह असलेला माणूस चढावर घामाघूम होतो तेव्हा मनात पहिला विचार हृदयाचाच येतो आणि तो यायलाच हवा. मधुमेहींमध्ये झटका कधी कधी छातीत न दुखताही येतो. घाम, धाप, मळमळ, गळून जाणे एवढीच लक्षणे असू शकतात. त्यांना पिशवीवर बसवले. छातीत, हातात, जबड्यात काही जाणवत नव्हते. धाप नव्हती. रक्तदाब १३८/८२. मग बोटाला सुई टोचली. रक्तातली साखर ६२.

७० च्या खाली साखर गेली की तिला आम्ही ‘हायपो’ म्हणतो. घडले असे होते की पहाटेची लोकल गाठायची म्हणून अण्णांनी चहा आणि दोन खारी एवढ्यावर घर सोडले होते, पण मधुमेहाची गोळी मात्र शिस्तीने रोजच्यासारखी घेतली होती. त्यांची गोळी ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. त्यावर तासभर चढ-उतार चालणे. चालणारे स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात, व्यायाम मधुमेहाला औषध ठरतो तो याच कारणाने. दोन औषधे एकावर एक पडली आणि खाली आधाराला अन्न नव्हते.

इथे बीटा ब्लॉकरची दुसरी गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. साखर उतरली की एरवी हात थरथरतात, छाती धडधडते. ही गोळी त्या दोन्ही खुणा झाकते. घाम मात्र झाकला जात नाही. म्हणून ज्यांच्या औषधांत ही दोन्ही नावे आहेत त्यांनी अवेळी आलेला घाम हा निरोप समजावा.

उपाय साधा आहे. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचे, पंधरा मिनिटे बसायचे, पुन्हा मोजायचे. चॉकलेट किंवा पेढा नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी आकडा ९८ झाला. त्यावर पोळी-भाजी खाल्ली, कारण नुसत्या ग्लुकोजचा भर टिकत नाही. ग्लुकोमीटर नसता तर काय केले असते? मधुमेही शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल आणि शंका असेल तर साखर द्यावी. साखर आधीच जास्त असली तरी तीन चमच्यांनी मोठा अनर्थ होत नाही, कमी असताना न दिल्याने मात्र होऊ शकतो. छातीत दुखत असेल, दडपण असेल तर मात्र तिथेच बसायचे, डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवायची आणि पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ ला फोन करायचा. ‘होल पुरा करून निघू’ हा विचार त्या वेळी करायचा नाही.

भिडूंनी अण्णांसाठी खेळ थांबवला होता. सहावा होल त्यांनी सोडून दिला, नुसते सोबत चालले. सातव्यापासून पुन्हा खेळायला लागले. नवव्या होलच्या हिरवळीवर चेंडू खळग्यापासून हातभर लांब राहिला. इतक्या जवळचा फटका कधी कधी मुरलेल्या खेळाडूंनाही जमत नाही, ऐनवेळी मनगट झटका देते. त्याला ‘यिप्स’ म्हणतात. काहींमध्ये तो निव्वळ ताण असतो, तर काहींमध्ये मेंदूच्या हालचाल-नियंत्रणातला बिघाड, लिहिणाऱ्याच्या हाताला पेटका येतो त्याच जातीचा. अण्णांचा चेंडू मात्र गेला. मग ते बाकावर बसले आणि आकडे लिहू लागले. सहाव्या होलपुढे त्यांनी रेघ मारली. “शून्य लिहिलं तर तो विक्रम होईल,” ते म्हणाले.

खेळ औषध आहे का?

स्वीडनमध्ये सुमारे तीन लाख नोंदणीकृत गोल्फरांचा अभ्यास झाला. वय, लिंग आणि आर्थिक-सामाजिक स्तर सारखा असलेल्या इतरांच्या तुलनेत गोल्फरांचा मृत्युदर सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसला. आयुर्मानाच्या भाषेत हा फरक साधारण पाच वर्षांचा. कॅरोलिन्स्का संस्थेच्या या अभ्यासाचा जगभर गाजावाजा झाला. पण आकडा वाचताना एक खडा बाजूला काढायला हवा. जो मुळात आजारी आहे, ज्याचे गुडघे गेले आहेत, तो गोल्फ क्लबात नाव नोंदवतच नाही. म्हणजे खेळामुळे माणसे निरोगी राहिली की निरोगी माणसेच खेळत होती, हे अशा अभ्यासातून पूर्णपणे सुटत नाही. काही वाटा खेळाचा, काही निवडीचा.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला फिनलंडमधील एक छोटा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. ६५ वर्षांवरील २५ निरोगी गोल्फरांना वेगवेगळ्या दिवशी अठरा होलचा गोल्फ, सहा किलोमीटर साधे चालणे आणि सहा किलोमीटर काठ्या टेकत चालणे असे तीन प्रकार करायला लावले. तिन्हींनंतर लक्ष आणि विचारांचा वेग मोजणाऱ्या चाचणीत सुधारणा दिसली. रक्तातील साखर आणि चरबीच्या काही मापांवर गोल्फचा परिणाम थोडा सरस ठरला, कारण तो जास्त वेळ चालतो आणि अंतरही जास्त पडते. म्हणजे जादू काठीत नाही. बराच वेळ, मध्यम गतीने, थांबत थांबत, उंचसखल जमिनीवर, काहीतरी हेतू मनात धरून आणि सोबतीने चालण्यात ती आहे.

उंचसखल जमिनीचे महत्त्व आपण विसरलो आहोत. सपाट लादीवर चालताना घोट्याला काही विचार करावा लागत नाही. गवतावर, उतारावर प्रत्येक पावलाला तोल नव्याने सावरावा लागतो. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडते ते बहुधा तोल गेल्यामुळे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, तेव्हा ६५ वर्षांवरील लोकांना त्यासोबत आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायामही सांगते.

आपल्याकडे परिस्थिती काय आहे? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आकडेवारीनुसार भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांहून जास्त आहे. देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर गेली आहे. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो असे दिसले, इतर देशांत ५९ च्या सुमारास. आपण सहा वर्षे आधी रांगेत लागतो.

मैदान जवळ हवे

याच कारणासाठी अण्णांचा पहाटेचा लोकल प्रवास मला कौतुकास्पद वाटतो आणि खटकतोही. लालबाग-परळच्या माणसाला मोकळ्या जमिनीवर दोन तास चालण्यासाठी खाडी ओलांडावी लागावी? हा गिरणगाव आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. त्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी मिळेल असा नियम १९९१ मध्ये झाला. २००१ मध्ये तो बदलला आणि मोजणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. त्या जागी आज काय उभे आहे ते मान वर केली की दिसते. हृदयरोगाच्या ओपीडीतून पाहताना मला ती जमीन चालण्याच्या मिनिटांत मोजावीशी वाटते.

जे हाताशी आहे त्याचा तरी पुरता उपयोग करू. शिवाजी पार्क १९२५ मध्ये महापालिकेने लोकांसाठी खुले केले. त्याच्या कट्ट्याभोवतीची फेरी एक किलोमीटरहून थोडी जास्त भरते. चार फेऱ्या म्हणजे नऊ होलांच्या चालीच्या जवळपास. परळचे नरे पार्क आणि कामगार मैदान, काळाचौकीचे भगतसिंग मैदान, दादर-माटुंग्याच्या पाच बागा, गिरगाव चौपाटीची वाळू, सकाळ-संध्याकाळी चालणाऱ्यांना खुला असणारा महालक्ष्मीचा रेसकोर्स. वाळूवर आणि गवतावर चालताना तोलाचा व्यायाम आपोआप होतो. रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला आहे. तिथे काय उभारायचे यावर वास्तुरचनाकार बोलतील, राजकारणी बोलतील. डॉक्टर म्हणून माझी मागणी छोटी आहे : सगळीकडे लादी घालू नका. थोडा चढ, थोडे गवत राहू द्या. दर दोनशे पावलांवर बाक ठेवा, पाणी आणि स्वच्छतागृह ठेवा, म्हणजे स्टेंट बसलेला माणूस आणि गुडघे दुखणारी बाई दोघेही धीराने बाहेर पडतील. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजच्या जगप्रसिद्ध जुन्या मैदानावर रविवारी सहसा खेळ बंद असतो. त्या दिवशी गावातले लोक तिथे नुसते फिरायला येतात, कुत्री-मुले घेऊन.

गोल्फकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे ती म्हणजे ‘हँडिकॅप’. मागच्या काही फेऱ्यांत तुम्ही पारपेक्षा साधारण किती जास्त फटके घेतलेत यावरून तुमचा आकडा ठरतो आणि पुढच्या खेळात तेवढी सूट मिळते. त्यामुळे कच्चा खेळाडू पक्क्याबरोबर खेळू शकतो, पण खरी स्पर्धा ज्याची त्याच्या कालच्या खेळाशी राहते. आजारातून उठलेल्या माणसाने हीच पद्धत धरावी. शेजारचे जोशीकाका साठीत मॅरेथॉन पळतात याच्याशी आपला संबंध नाही. मागच्या आठवड्यात वीस मिनिटे चाललात तर या आठवड्यात पंचवीस. आणि आकडा खरा लिहायचा. या खेळात चुकलेला फटका खेळाडू स्वतःच मोजतो, तसे.

बाहेर पडण्यापूर्वी एवढे करा. झटका किंवा अँजिओप्लास्टी झाली असेल तर किती चालायचे हे चाचणी करून डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर उपाशी निघू नका, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. लांबचे चालणे ठरलेल्या दिवशी डोस बदलायचा का, हे आधीच विचारा, मनाने बदलू नका. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पाण्याचे चार घोट घ्या. मात्र हृदय कमजोर असल्याने पाणी मोजून प्यायला सांगितले असेल तर तीच मर्यादा पाळा. मधुमेहींनी बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा नाही ना ते पाहावे आणि घरी आल्यावर तळवे तपासावेत, कारण बधिर पायाला फोड कळत नाही. पावसाळ्याच्या आगेमागे आकाशात गडगडाट ऐकू आला तर मोकळे मैदान ताबडतोब सोडा. १९७५ मध्ये ली ट्रेव्हिनो हा नावाजलेला गोल्फर स्पर्धेच्या मैदानावरच विजेच्या तडाख्यात सापडला, वाचला, पण पाठीचे दुखणे त्याला बरीच वर्षे पुरले. वीज पडण्याची पूर्वसूचना देणारे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोफत आहे.

आणि एकटे जाऊ नका. पाचव्या होलवर अण्णांचा आवाज थांबल्याचे लक्षात आले, कारण ऐकायला कोणीतरी होते. चालायला जाताना हातात काठी असो वा नसो, शेजारी बोलका भिडू मात्र असावा.